दहा रुपयांची मालकी

केरळला जाणाऱ्या मराठी प्रवाशाची वाट बहुधा ठरलेली असते. कोची, मुन्नार, तेक्कडी, अलप्पुळा, जमल्यास पुढे कन्याकुमारी. आणि परतताना पिशवीत केळ्याचे वेफर्स नि वेलदोडे. या वाटेवर कोट्टयम नावाचे गाव लागते. पण ते लागते एवढेच. कुमरकोमच्या तळ्याकडे जाणारी मोटार पकडायला माणसे तेथे उतरतात आणि स्टेशनाबाहेर पडून जी निघतात ती मागे वळून पाहात नाहीत.

त्यांचा फारसा दोष नाही. कोट्टयम पहिल्या भेटीत भुरळ घालील असे गाव नव्हे. चढउताराचे रस्ते, सोन्याची नि साड्यांची भपकेदार दुकाने, मधोमध तिरुनक्कराचे महादेवमंदिर, कडेने वाहणारी मीनच्चिल नदी आणि भोवती रबराच्या बागा. रबर बोर्डाची मुख्य कचेरीही याच गावात आहे. ऑगस्टातल्या एका दुपारी आम्ही उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. सौभाग्यवतींनी छत्री उघडत विचारले, "अहो, इथे पाहायचे काय आहे?"

मी म्हटले, "एक दुकान."

"साड्यांचे?"

"पुस्तकांचे."

त्यानंतर रिक्षा मिळेपर्यंत आमच्यात काही बोलणे झाले नाही.

कोट्टयमला मल्याळी माणूस 'अक्षरनगरी' म्हणतो आणि या बिरुदात बढाई थोडी, हिशेब जास्त आहे. येथले सी. एम. एस. कॉलेज १८१७ सालचे. बेंजामिन बेली या मिशनऱ्याने १८२१ साली येथे छापखाना घातला आणि स्थानिक कारागिरांना हाताशी धरून मल्याळम अक्षरांचे खिळे पाडले. मल्याळम अक्षरांना छापात आज जे गोल वळण दिसते, त्याचे बरेचसे श्रेय याच गृहस्थांना देतात. त्यांचा मल्याळम-इंग्रजी कोश १८४६ साली निघाला. आपल्या मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ सालचा. म्हणजे हे दोघे कोशकार एकाच पिढीतले म्हणायचे. 'मलयाळ मनोरमा' हे वृत्तपत्र चालवणारी कंपनी १८८८ साली याच गावात स्थापन झाली. आणि १९८९ साली संपूर्ण साक्षर झालेले देशातले पहिले शहर म्हणून जाहीर झाले तेही कोट्टयमच. ज्या गावात रिक्षावाला गिऱ्हाइकाची वाट पाहताना वर्तमानपत्राची घडी उलगडतो, त्या गावाला हे बिरुद शोभते.

मला तेथे जायचे होते ते मात्र या इतिहासासाठी नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या गावी साठ-एक वर्षांचे एक पुस्तकांचे दुकान आहे. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. खाली वह्या-पेने, वर माळ्यावर कथा-कादंबऱ्या आणि कविता. गावातल्या दोन-तीन पिढ्यांनी त्या माळ्याच्या लाकडी जिन्यावर बसून फुकट वाचन केले आहे आणि दादांनी कोणाला उठवलेले नाही. दादा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुलगा हैदराबादेस अभियंता. त्याला या धंद्यात यायचे नाही, आणि त्याला तरी नावे कशी ठेवावीत? वह्या शाळेतच मिळतात, कादंबऱ्या लोक घरबसल्या मागवतात. उन्हाळ्यात एके दिवशी दादांनी सहज सांगावे तसे सांगितले, "येत्या पाडव्यापर्यंत आवरीन म्हणतो."

मग आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांची बैठक भरली. डॉक्टर, वकील, माझ्यासारखे दोन-तीन मास्तर, एक शिक्षिकाबाई, एक औषधविक्रेते. शंभर जणांनी दहा-दहा हजार रुपये घालून दुकान आपणच घ्यावे अशी टूम निघाली. चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत दुकानाला नावसुद्धा सुचवून झाले. तेवढ्यात आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, "सर, उत्साह मला मान्य आहे. पण पुष्कळांच्या मालकीचे पुस्तकांचे दुकान टिकले आहे, असे एक उदाहरण दाखवा. पहिला चेक माझा." एर्नाकुळमला एका चर्चासत्राचे निमंत्रण मला आलेलेच होते. तेथून कोट्टयम साठ-पासष्ट किलोमीटर. उदाहरण पाहून यायचे ठरले.

ते उदाहरण असे. १९४५ साली बारा मल्याळी लेखक एकत्र आले. प्रत्येकाने दहा रुपये काढले. एकशे वीस रुपये झाले. एवढ्या भांडवलावर त्यांनी लेखकांची सहकारी संस्था नोंदवली: साहित्य प्रवर्तक सहकारी संघ. त्या काळी प्रकाशक लेखकाच्या हातावर थोडी रक्कम ठेवून पुस्तकाचे हक्क कायमचे घेऊन टाकी. पुस्तक पुढे दहादा छापले गेले तरी लेखकाच्या घरची चूल त्यावर पेटत नसे. हे बदलायचे तर छापणारा आणि विकणारा लेखकच हवा, असा या मंडळींचा साधा विचार होता.

संघाचे पहिले अध्यक्ष एम. पी. पॉल. इंग्रजीचे प्राध्यापक आणि मल्याळम समीक्षेतले मोठे नाव. पहिले चिटणीस कारूर नीलकंठ पिळ्ळै. हे शाळामास्तर. शाळामास्तरांच्या दारिद्र्यावर त्यांनी ज्या कथा लिहिल्या त्या मल्याळममध्ये आजही आदराने वाचल्या जातात. एका कथेत भुकेने व्याकूळ झालेला शिक्षक विद्यार्थ्याच्या डब्यातला भात चोरून खातो. ज्याने हे लिहिले त्याला पैशाची किंमत ठाऊक असणारच. जवळजवळ वीस वर्षे कारूरांनी चिटणिसाचे काम सांभाळले. पुढे डी. सी. किळक्केमुरी या धडाडीच्या गृहस्थांचे 'नॅशनल बुक स्टॉल' हे दुकान संघात सामील झाले आणि संघाला विक्रीचे हातपाय मिळाले. लेखकाला संघ शेकडा तीस टक्के रॉयल्टी देऊ लागला. आपल्याकडे दहा-पंधरा टक्के वेळेवर मिळाले तर लेखक पेढे वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तिसाचे मोल कळते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'चेम्मीन'ने १९५६ साली साऱ्या केरळला वेड लावले, तेव्हा त्या पुस्तकाच्या कमाईत लेखकाचा वाटा असा घसघशीत होता.

दुकान पाहिले तेव्हा मात्र सौभाग्यवतींची थोडी निराशा झाली. "एवढेसेच?" त्या म्हणाल्या. दुकान म्हणजे कपाटे, टेबले, रचलेले गठ्ठे, नव्या कागदाचा वास आणि पावसाळी हवेचा थोडासा कुबट दर्प. कोठल्याही गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात असते तेच. मुंडू नेसलेले एक मध्यमवयीन विक्रेते पुढे आले. त्यांचे हिंदी बेताचे, माझे मल्याळम शून्य, इंग्रजीवर भागले. मी विचारले, "या दुकानाचे मालक कोण?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि कपाटाकडे हात दाखवून हसत म्हणाले, "ते काय, उभे आहेत रांगेने."

मला एकही अक्षर वाचता येत नव्हते. मराठीचा प्राध्यापक पुस्तकांच्या दुकानात निरक्षर होऊन उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटते, हे कोणी अनुभवूनच पाहावे. मी मुखपृष्ठांवरची चित्रे पाहू लागलो. विक्रेते एकेक पुस्तक काढून नाव सांगत, मी ते वहीत देवनागरीत टिपून घेई. शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली आत आल्या, दप्तरातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, एक पातळसे पुस्तक घेऊन गेल्या. कोणते ते मी विचारले. बशीरांचे, असे उत्तर आले. वैक्कम मुहम्मद बशीर गेले १९९४ साली. शाळकरी मुली त्यांची पुस्तके आजही गाठीचे पैसे मोडून घेतात, एवढे पाहूनच माझी खेप सार्थकी लागली.

पण बँक अधिकाऱ्यांना केवळ गोड गोष्ट सांगून चालणार नव्हते, म्हणून गोष्टीचा उत्तरार्धही सांगतो. किळक्केमुरी पुढे संघातून बाहेर पडले आणि १९७४ साली त्यांनी याच गावात स्वतःची 'डी. सी. बुक्स' ही संस्था काढली. ती वाढत गेली आणि आज मल्याळममधल्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थांत मोडते. इकडे लेखकांचा संघ मागे पडला. त्याला अडचणीचे दिवस पाहावे लागले. बाराजणांचे घर झाले की निर्णयाला बारा तोंडे फुटतात. एकट्याचे दुकान सकाळी ठरवते आणि संध्याकाळी करते. सहकारी दुकान सकाळी ठरवते आणि पुढच्या सभेत कायम करते. तरीही संघ बुडाला नाही, हे विसरू नये. ऐंशी वर्षांनंतर त्याचे दुकान उघडे आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दुकानातही आम्ही गेलो. तेथे मला एक आश्चर्य भेटले. जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठावर रथ आणि धनुष्य. नाव विचारले तर 'कर्णन'. लेखकाचे नाव विक्रेत्याने वाचले: शिवाजी सावंत! आपला १९६७ सालचा 'मृत्युंजय' येथे गोल अक्षरांचा अंगरखा घालून उभा होता. शेजारी वि. स. खांडेकरांचा 'ययाति'. विक्रेत्याला मी सांगितले की ही दोन्ही आमच्या भाषेतली. तो म्हणाला, "हो का? आमच्याकडे लोक आपलीच समजून घेतात." सौभाग्यवतींनी 'कर्णन' विकत घेतले. वाचता येणार नाही, असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, "दादांच्या माळ्यावर ठेवायला."

जवळच 'इंडियन कॉफी हाऊस' आहे. तेथल्या वाढप्यांच्या डोक्यावरचा पंख्यासारखा पांढरा तुरा आणि मसाला डोशातली बीटाची लालभडक भाजी, या दोन्ही गोष्टी केरळात प्रसिद्धच आहेत. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद केली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. केरळातले असे पहिले कॉफी हाऊस १९५८ साली त्रिशूरला निघाले. म्हणजे आम्हाला डोसा वाढणारा हा तेथला मालकच होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणूनच पाणी न मागता मिळाले." मग पर्समधून पेन काढून त्यांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला. त्या पतपेढीत नोकरीला आहेत. आकड्यांना भीत नाहीत.

"तुमचे शंभर सभासद. प्रत्येकाने महिन्याला तीनशे रुपयांचे एक पुस्तक घेतले असे धरू. तीस हजारांची विक्री. दुकानाला किती सुटतात?"

"तीस टक्के धरू."

"नऊ हजार. भाडे, वीज आणि एका माणसाचा पगार मिळून पंचवीस हजार तरी लागतील. म्हणजे तुम्ही शंभर विद्वान नेमाने पुस्तके घेत राहिलात तरी खर्चाचा तिसरा हिस्सा जेमतेम निघतो. पंचवीस हजार सुटायला विक्री त्र्याऐंशी हजारांची हवी. उरलेली पुस्तके कोण घेणार?"

मी डोशाकडे पाहू लागलो. बीट फारच लाल होते.

त्या प्रश्नाचे केरळने दिलेले उत्तर मला दुसऱ्या दिवशी उमगले. ज्या १९४५ साली कोट्टयमात लेखक एकत्र आले, त्याच साली तेथून जवळच अंबलप्पुळा येथे पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने सत्तेचाळीस ग्रंथालयांचे प्रतिनिधी बोलावले आणि ग्रंथशाला संघ उभा केला. पणिक्कर गावोगाव पायी हिंडले. वाचा आणि वाढा, हा त्यांचा उपदेश. १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन. केरळात तो वाचनदिन म्हणून पाळतात. खेडोपाडी वाचनालये झाली, त्यांना अनुदान मिळू लागले आणि लेखकांच्या दुकानाला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. एका हाताने पुस्तके पुरवली, दुसऱ्या हाताने घेतली. दहा रुपयांचा भाग हे केवळ बी होते. त्याला पाणी वाचनालयांचे मिळाले.

यात आपण खाली मान घालावी असे काही नाही. त्याच १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. दोन्ही वर्गणीदारांनी उभी केलेली. प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरवले. दूध, सूत, पतपेढी, घरे. सहकाराचा मंत्र महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. उसाला तो आठवला, पुस्तकाला मात्र फार क्वचित आठवला. तरी 'ग्रंथाली' आहेच. १९७४-७५च्या सुमारास सुरू झालेल्या या वाचक चळवळीने वाचकांनाच सभासद करून घेतले, आणि तिच्याकडूनच १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' बाहेर पडले. वाचक पाठीशी उभा असला की एरवी कोणी न छापलेले पुस्तकही घरोघर पोचते, हे आपण आपल्याच अंगणात पाहिले आहे.

शिकागोला असलेल्या माझ्या भाच्याला हे सारे कळवले, तेव्हा त्याने तिकडचा एक दाखला धाडला. तेथल्या विद्यापीठाच्या परिसरात १९६१ साली सतरा ग्रंथप्रेमींनी दहा-दहा डॉलर काढून एका धर्मविद्यालयाच्या तळघरात 'सेमिनरी को-ऑप' नावाचे पुस्तकांचे दुकान काढले. कोट्टयमला दहा रुपये, शिकागोला दहा डॉलर! ते दुकान वाढले, २०१२ साली तळघरातून उजेडात आले आणि २०१९ साली त्याने स्वतःला ना-नफा संस्था म्हणून जाहीर केले. पुस्तके विकणे हीच समाजसेवा, त्यातून नफ्याची अपेक्षा नाही, अशी ती भूमिका. भाच्याने शेवटी लिहिले होते, "मामा, लाभांश मिळेल असे मात्र कोणाला सांगू नका."

कोट्टयमच्या मुक्कामात एक नवी गोष्टही पाहिली. गावाबाहेर नाट्टकम येथे लेखक संघाच्या जागेवर अक्षरांचे संग्रहालय उभे राहिले आहे. २०२४ सालच्या नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले. माणूस लिहायला कसा शिकला, लिप्या कशा घडल्या, छपाई कशी आली, याची ती कथा आहे. शाळेच्या मुलांची रांग आत शिरत होती. एकशे वीस रुपयांपासून निघालेली संस्था आज अक्षरांचे घर उभारते, हे पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "आता तुमच्या त्या बँकवाल्यांना दाखवायला उदाहरण मिळाले." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण त्यांच्यात कारूरमास्तर होते. तुमच्यात कोण?"

प्रश्न नेमका होता. बारा लेखकांपैकी प्रत्येकाने दहा रुपये दिले, हे सगळे सांगतात. पण रोजचा पत्रव्यवहार, छापखान्याचे तगादे, कीर्द-खतावणी, कोणाकडे किती उधारी थकली, कोठली पुस्तके परतीच्या बोलीवर गेली, हे कोणी तरी वर्षानुवर्षे पाहिले म्हणून ते दहा रुपये वाया गेले नाहीत. पुष्कळांची मालकी म्हणजे पुष्कळांचा सल्ला, अशी आपली समजूत असते. वास्तविक पुष्कळांची मालकी म्हणजे पुष्कळांची खरेदी आणि कोणा एकाची रोजची हजेरी. यातले एक जरी नसले, तरी शंभर धनादेश जमा करून आपण दादांचे दुकान फक्त दोन वर्षे उशिरा बंद करू.

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत पुस्तके घेण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. म्हणून माझ्या वहीतली चार नावे येथे देतो. 'चेम्मीन' पहिले. समुद्रकाठच्या कोळ्यांची, करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांच्या अपुऱ्या प्रेमाची ही कादंबरी. तिला १९५७ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि तिच्यावरचा १९६५ सालचा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. चित्रपटाला संगीत सलील चौधरींचे. गाणी ऐकली असतील त्यांनी गोष्टही वाचावी. दुसरे, बशीरांचे १९५९ सालचे 'पात्तुम्माची शेळी'. गजबजलेल्या घरात लेखक विश्रांतीला येतो आणि बहिणीची शेळी त्याचीच पुस्तके खाऊन टाकते. मुलाबाळांसकट मोठ्याने वाचावे असे पुस्तक. हे बशीर स्वतः काही काळ एर्नाकुळमला पुस्तकांचे दुकान चालवीत होते, हे कळल्यावर ती शेळी मला अधिकच आवडली. तिसरे, एम. टी. वासुदेवन नायरांचे १९५८ सालचे 'नालुकेट्टू'. मोडकळीस आलेल्या चौसोपी वाड्याची आणि त्यात परक्यासारखा वाढलेल्या मुलाची ही कथा कोकणातल्या कोणालाही आपली वाटेल. चौथे, ललितांबिका अंतर्जनम् यांचे १९७६ सालचे 'अग्निसाक्षी'. सोवळ्याओवळ्याच्या घरातून बाहेर पडून स्वातंत्र्यलढ्यात गेलेल्या स्त्रीची ही कहाणी आमच्या सौभाग्यवतींनी परतीच्या गाडीत इंग्रजीतून वाचून काढली आणि रत्नागिरी येईपर्यंत माझ्याशी फारसे बोलल्या नाहीत. चारही पुस्तकांची इंग्रजी भाषांतरे आहेत. मागवताना आपल्या गावच्या दुकानदाराकडूनच मागवावीत. आठ-दहा दिवस उशीर होईल, तेवढा सोसावा.

आमच्या मंडळींपुढे मी तीन अटी ठेवल्या आहेत. लाभांश कोणी मागायचा नाही. प्रत्येक भागधारकाने महिन्याला एक पुस्तक दुकानातूनच घ्यायचे. आणि तालुक्यातली वाचनालये व शाळा यांच्याकडे वर्षातून दोनदा स्वतः जायचे, पुस्तके पाठीवर घेऊन जावे लागले तरी. तिसरी अट, पगारी माणूस नेमला तरी हिशेबाला आपल्यातला एकजण रोज संध्याकाळी दोन तास बसायला हवा. पहिल्या दोन अटींवर सर्वांनी माना डोलावल्या. तिसरी ऐकून बैठकीत बराच वेळ कोणी बोलेना. मग आमचे निवृत्त बँक अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "संध्याकाळी मला तसे काही काम नसते. चेकबुकही आणले आहे."

आजवर एकेचाळीस भाग भरले गेले आहेत. पाडव्याला अजून पाच महिने आहेत.